‘तमाशा’ हा शब्द कुणाचा?

माझी मुलगी सहावीत आहे. गेल्या महिन्यात शाळेत तिला ‘आमच्या गावची यात्रा’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. तिने मन लावून लिहिला. देवाची पालखी, बैलगाड्यांचा घाट, रेवड्या, पाळणे, पाव्हणेरावळे, सगळं आलं. शेवटी तिने लिहिलं होतं की रात्री तमाशा होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी होते. वही तपासून परत आली तेव्हा ‘तमाशा’ या शब्दाभोवती लाल पेनाने गोल केलेला होता. शेजारी शेरा होता : ‘परकीय व अशोभनीय शब्द. लोककला असे लिहावे.’

मुलीने मला विचारलं, “अब्बा, परकीय म्हणजे आपल्या लोकांचा का?”

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. अकरा वर्षांच्या पोरीने ‘परकीय’ या शब्दाचा अर्थ स्वतःच लावला होता आणि तो लावताना तिला फार वेळ लागला नव्हता. हा लेख म्हणजे तिला त्या दिवशी द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे.

आम्ही मूळचे जुन्नरचे. अब्बांच्या नोकरीमुळे मंचरला आलो आणि इथलेच झालो. माझे दादा जुन्नरच्या बाजारात गॅसबत्त्या भाड्याने द्यायचे. लग्न, उरूस, वरात, कीर्तन, कुठेही उजेड लागला की दादांकडे माणूस यायचा. त्यांचा खरा हंगाम मात्र चैत्रातला. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या गावोगावच्या यात्रा लागल्या की दादा बत्त्या घेऊन रात्रभर बाहेर असायचे. तमाशाच्या फडात बत्तीवाला मधून उठून जाऊ शकत नाही. पंप मारायचा, मेंटल फुटलं तर बदलायचं आणि सकाळपर्यंत तिथेच बसायचं. त्यामुळे दादांनी जितके वग पाहिले तितके गावच्या पाटलानेही पाहिले नसतील. फजरच्या नमाजाला ते कधी कधी थेट फडावरून मशिदीत यायचे, अंगाला रॉकेलचा वास घेऊन.

आमच्या घरात ‘तमाशा’ हा शब्द दोन आवाजांत ऐकू यायचा. दादा म्हणायचे, “आज बेल्ह्याला तमाशा है.” त्यात कामाचा आणि थोडा अभिमानाचाही सूर असे. दादी आम्हा पोरांवर ओरडायची, “क्या तमाशा लगाके रखे रे!” त्यात चीड असे. शब्द एकच, बोलीही एकच, आमची घरातली दखनी. पण दादांचा तमाशा वेगळा आणि दादीचा वेगळा.

मंचरहून नाशिकच्या दिशेने निघालं की कळंबनंतर नारायणगाव लागतं. गुढीपाडव्याच्या आगेमागे तिथे रस्त्यालगत तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक. पुणे, नगर, नाशिक भागातल्या गावांचे पंच जीपगाड्या भरून येतात, राहुट्यांतून फिरतात, तारखा जुळवतात, बोली करतात, सुपारी ठरते. नारायणगावला लोक तमाशाची पंढरी म्हणतात ते उगाच नाही. ज्या तालुक्यात ही पंढरी आहे, त्याच्या शेजारच्या तालुक्यात एका मुलीच्या वहीत ‘तमाशा’ला लाल गोल पडावा, हे मला फार विचित्र वाटलं.

आता शब्दाकडे येऊ.

‘तमाशा’च्या मुळाशी अरबीतली म, श, य ही तीन अक्षरं आहेत. त्या धातूचा अर्थ चालणं. त्यापासून ‘तमाशी’ असा शब्द झाला, म्हणजे एकमेकांच्या सोबतीने चालणं. मूळ शब्दात ढोलकी नाही, नाच नाही, गोंधळ तर नाहीच. दोन माणसं बरोबर चालली आहेत, एवढंच. याच धातूतून अरबीत गुराढोरांसाठी ‘मवाशी’ हा शब्द आला. चालणारी ती मवाशी. उर्दू-हिंदीतलं ‘मवेशी’ ते हेच. म्हणजे आमच्या यात्रेत दिवसा घाटात धावणारे बैल आणि रात्री फडात उभा राहणारा तमाशा, दोघांचं मूळ एकाच ‘चालण्या’त आहे.

अरबीतून हा शब्द फारसीत गेला. इराणात लोक बागेत फिरायला जात, सोबतीने हिंडत, फुलं-पाणी बघत. त्या हिंडण्याला ‘तमाशा’ म्हणू लागले. हळूहळू हिंडणं मागे पडलं आणि बघणं उरलं. आज इराणी माणूस दूरदर्शन बघतो तेव्हा तो ‘तमाशा’ करतो. त्या भाषेत हा रोजचा साधा शब्द आहे. त्यात कुणाचा अपमान नाही. तुर्कीत गेल्यावर तोच शब्द ‘तेमाशा’ झाला. तिथेही अर्थ बघणं, निरखणं. सूफी कवींनी त्याला आणखी वर नेलं. ईश्वराने घडवलेल्या सृष्टीकडे डोळे भरून पाहणं म्हणजे तमाशा. गालिबच्या शायरीतही हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. तिथे तो जगाकडे पाहणाऱ्या माणसाचा शब्द आहे.

हिंदुस्थानात आल्यावर बघण्याच्या क्रियेपेक्षा बघण्याजोगी गोष्ट महत्त्वाची झाली. मदाऱ्याचा खेळ तमाशा, कठपुतळ्या तमाशा. मग प्रांताप्रांतात वाटा फुटल्या. बंगालीत ‘तामाशा’ म्हणजे थट्टा. मल्याळममध्ये ‘तमाशा’ म्हणजे विनोद. केरळात कुणी म्हणालं की अमका फार ‘तमाशा’ करतो, तर तो माणूस हसवणारा आहे असं समजायचं. तमिळमध्येही ‘तमाश’ म्हणजे गंमत. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली बोलणारे लोक महोत्सवाला ‘तमाशा’ म्हणतात. आणि आपल्या मराठीत तो एका पूर्ण नाट्यप्रकाराचं नाव झाला. गण, गवळण, बतावणी, वग असा ज्याचा ठरलेला क्रम आहे, ज्याच्या आधी देवाला नमन होतं, अशा नाट्याचं नाव. एका शब्दाला इतका मान दुसऱ्या कुठल्या भाषेने दिल्याचं मला माहीत नाही.

मराठीने आणखी एक गोष्ट केली आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. फारसीत ‘तमाशागर’ म्हणजे प्रेक्षक, बघणारा. मराठीत ‘तमासगीर’ म्हणजे कलावंत, ज्याला बघितलं जातं तो. शब्द प्रेक्षकांच्या जागेवरून उठला आणि बोर्डावर जाऊन उभा राहिला.

तो उभा राहिला तेव्हा त्याच्या वाट्याला काय आलं, तेही पाहिलं पाहिजे. बोर्डावर उभं राहणारे लोक बहुतांशी मांग, महार, कोल्हाटी अशा समाजांतले होते. बायका नाचत होत्या. समोर बसलेले लोक रात्री फेटे उडवत आणि सकाळी त्याच माणसांना विहिरीवर पाणी भरू देत नसत. मग ‘तमाशा’ला दुसरा अर्थ चिकटला : गोंधळ, बेअब्रू, चारचौघांत शोभा. ‘तमाशा करू नकोस’, ‘घराचा तमाशा केला’, ‘सभागृहात तमाशा’. हा अर्थ अरबीने दिला नाही, फारसीनेही दिला नाही. हिंदी-उर्दूतही ही छटा आहे हे खरं, दादीच्या तोंडी तीच असायची. पण ज्या भाषेत तमाशा ही हजारो माणसांची भाकरी आहे, त्या भाषेत ती शिवी होणं अधिक बोचतं.

असं इतरत्रही घडलं आहे. जुन्या लॅटिन भाषेत ‘व्हिला’ म्हणजे शेतवाडी. त्या वाडीवर राबणारा तो ‘व्हिलानुस’. लॅटिनच्या पोटातून फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज अशा भाषा जन्मल्या, तेव्हा हा शब्दही त्यांच्या घरी गेला. पण जमीनदार आणि सरदार ज्या नजरेने शेतमजुराकडे बघत, ती नजर शब्दात शिरली. इटालियनमध्ये ‘व्हिलानो’ म्हणजे गावंढळ, असभ्य. स्पॅनिशमध्ये ‘व्हियानो’ म्हणजे नीच माणूस. फ्रेंचमध्ये ‘व्हिलँ’ म्हणजे कुरूप किंवा व्रात्य. फ्रेंचमधून तो इंग्रजीत गेला आणि थेट खलनायक झाला. आपण सिनेमातल्या ज्या ‘व्हिलन’ला शिट्ट्या मारतो, तो मुळात दुसऱ्याच्या शेतावर राबणारा साधा मजूर आहे. त्याने कुणाचं काही वाईट केलं नव्हतं. तो गरीब होता आणि शब्दांचे अर्थ ठरवणं त्याच्या हातात नव्हतं.

तमासगिरांच्याही हातात ते नव्हतं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच नारायणगावच्या. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकिगत आमच्या भागात घरोघरी सांगितली जाते. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. तरी शेवटचा काळ हलाखीत गेला आणि जानेवारी 2002 मध्ये त्या वारल्या. आता राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशासाठी जीवनगौरव पुरस्कार देतं. ज्या बाईला सरकार ‘तमाशासम्राज्ञी’ म्हणतं, तिच्या कलेचं नाव शाळेच्या वहीत अशोभनीय ठरतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?

कुणी म्हणेल, मग ‘लोककला’ म्हणायला काय हरकत आहे? हरकत काही नाही. पण तो प्रयोग एकदा होऊन गेला आहे. 1948 साली मुंबई सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी घातली. पुढे अटी घालून ती उठवली गेली. त्या काळात ‘लोकनाट्य’ हा शब्द पुढे आला आणि अण्णाभाऊ साठ्यांसारख्या शाहिरांनी त्याला मोठं केलं. शब्द चांगलाच आहे. पण नारायणगावच्या राहुट्यांवरचे फलक वाचा. बहुतेकांवर ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ असं लिहिलेलं दिसेल. सरकारदरबारी चालावं म्हणून लोकनाट्य आणि गावकऱ्यांना कळावं म्हणून तमाशा. कलावंतांनी नवा शब्द घेतला, पण जुना टाकला नाही. लोकनाट्य म्हटल्याने त्यांच्या मुलींकडे बघण्याची गावची नजर बदलली का, हे कुठल्याही फडात जाऊन विचारा.

शेऱ्यातला दुसरा आक्षेप होता ‘परकीय’. त्याचंही बोलू. महाराष्ट्रात भाषाशुद्धीचा विचार जुना आहे. खुद्द शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. एका नव्या राज्याला आपली राजभाषा उभी करायची होती, त्यात गैर काही नव्हतं. विसाव्या शतकात सावरकरांनी ही चळवळ जोरात चालवली. त्यांनी दिलेले ‘दिग्दर्शक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द आज मीही वापरतो. नवा शब्द घडवणं ही भाषेची श्रीमंती आहे. पण वापरातला शब्द त्याचा धर्म विचारून हाकलणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती जमतही नाही. माझ्या मुलीच्या वहीवर तिचा पत्ता आहे : तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे. ‘तालुका’ अरबी, ‘जिल्हा’ अरबी. ती ज्या कागदावर लिहिते तो ‘कागद’ फारसीतून आलेला. जुन्नरचा कागद एके काळी नावाजलेला होता. तो करणारे कागदी मुसलमान होते आणि पेशवाईतले हिशेब त्या जुन्नरी कागदावर लिहिले जात. ज्या ‘दप्तरा’त ती वही ठेवते, तो शब्द तर ग्रीकांकडून निघून अरबी-फारसीतून आलेला. अरबीत तो वही झाला, उर्दूत कचेरी आणि मराठीत शाळेची पिशवी.

इथे माझ्या मुस्लिम वाचकांशीही दोन शब्द बोलायचे आहेत, कारण लाल पेन फक्त शाळेत नसतं. आमच्या नातेवाइकांत एक बुजुर्ग आहेत. त्यांना आमची मराठी खटकते आणि दखनीही खटकते. ‘साफ उर्दू बोला’ असा त्यांचा आग्रह. तमाशाचं नाव काढलं की म्हणतात, “अपने में ये नहीं चलता.” दादांनी तीस-चाळीस वर्षं तमाशाच्या बत्त्या पेटवल्या आणि त्या पैशावर घर चाललं, हे ते विसरतात. उत्तर पेशवाईतले नामवंत शाहीर सगनभाऊ हे शिकलगार होते, मुसलमान होते. त्यांच्या लावण्या मराठीने जपल्या. ‘शाहीर’ हा शब्दही अरबी ‘शायर’चाच मराठी भाऊ. फडातला ‘डफ’ अरबी, ‘सवाल-जवाब’ अरबी. हे आपलं नाही म्हणायचं तर आपलं म्हणून मग उरतं काय?

शब्दांचे अर्थ बदलतात तेव्हा गमतीही होतात. एकदा शिवजयंतीला माझा हैदराबादचा मामेभाऊ जुन्नरला आला होता. शिवनेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर फलक लागले होते, ‘छत्रपतींना मानाचा मुजरा’. तो वाचून गडबडला. हळूच म्हणाला, “भाई, राजा के नाम पे मुजरा?” त्याच्या कानाला मुजरा म्हणजे कोठ्यावरचा नाच. मी त्याला सांगितलं की उर्दूतही मुजरा म्हणजे आधी अदबीचा सलामच होता. दरबारातला तो सलाम कोठ्यावर गेला आणि तुमच्याकडे तोच अर्थ उरला. आम्ही तो दरबारातच ठेवला. उर्दूत ‘शिकस्त’ म्हणजे पराभव. मराठी माणूस मात्र प्रयत्नांची शिकस्त करतो. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत तालमीत पैलवान घुमतात आणि नाटकाच्याही तालमी होतात. ‘रजा’ म्हणजे अरबीत संमती. मराठीत साहेबाची संमती मिळाली की जी सुट्टी लागते ती. हे शब्द अरबस्तानात किंवा इराणात परत पाठवले तर तिथले लोक त्यांना ओळखणार नाहीत. त्यांचं बालपण तिकडे गेलं असेल. संसार त्यांनी इकडे केला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ‘तमाशा’ हा शब्द मराठी आहे. तो अरबी घरात जन्मला म्हणून कमी मराठी होत नाही आणि मुसलमानांनी तो लाजून टाकावा असंही काही नाही. त्याला चिकटलेली हेटाळणी जर काढायची असेल तर शब्द बदलून चालणार नाही, आपल्याला आपलं बोलणं तपासावं लागेल. विधिमंडळात कागद भिरकावले गेले की वर्तमानपत्रं ‘तमाशा’ असा मथळा देतात. खऱ्या तमाशात असं काही होत नाही. तिथे वेळेवर गण लागतो, गवळण झाल्याशिवाय वग सुरू होत नाही, नाच्यापासून ढोलकीवाल्यापर्यंत प्रत्येकाला आपली जागा ठाऊक असते आणि घेतलेल्या सुपारीचा खेळ पुरा केल्याशिवाय फड हलत नाही. गोंधळाला गोंधळ म्हणा, धिंगाणा म्हणा. मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही.

मुलीच्या बाईंना मी भेटलो. त्या वाईट नाहीत. मुलांनी चांगली भाषा लिहावी अशीच त्यांची तळमळ आहे आणि शेरा देताना कुणाला दुखवावं असं त्यांच्या मनातही नव्हतं. मी वर लिहिलं तेवढं सगळं काही बोललो नाही. फक्त त्या वाक्यातल्या दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं. ‘सकाळी हजेरी होते.’ यात्रेत रात्रीच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी जो तमाशा होतो, त्याला आमच्याकडे हजेरी म्हणतात. त्या शब्दाला गोल नव्हता.

म्हटलं, “बाई, हा पण अरबीच आहे. रोज सकाळी तुम्ही वर्गात घेता तीच ही हजेरी.”

बाई हसल्या. थोडा वेळ वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझ्या माहेरी पण हजेरीच म्हणतात.” त्यांनी लाल गोल खोडला नाही, पण शेजारच्या शेऱ्यावर एक आडवी रेघ मारली.

संध्याकाळी मुलीला ती रेघ दाखवली आणि सांगितलं, “परकीय म्हणजे आपल्या लोकांचा नाही. आणि तमाशा परकीय नाही.” तिने विचारलं, “मग कुणाचा?” मी तिला दादांच्या गॅसबत्तीची गोष्ट सांगितली. येत्या चैत्रात तिला नारायणगावला राहुट्या बघायला न्यायचं ठरलं आहे.